प्रश्नाशिवाय चहा नाही

बावणे बाबूंची वाचा गेली हे सांगायला त्यांच्या बायको सिंधूवहिनी दुकानात आल्या, तेव्हा मी एका ब्लाउजला हूक लावत होते. "लकवा मारला वं शोभा. उजवी बाजू. हातपाय येतील म्हणते डॉक्टर, पन बोलन्याचं सांगता येत नाही म्हणे," एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि पदरानं मान पुसत राहिल्या. मी पाणी दिलं. अशा वेळी जे विचारायचं असतं ते सगळं विचारलं. जेवतात का, ओळखतात का, जवळ कोण आहे. पण खरं सांगते, माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते यातलं काहीच नव्हतं. माझ्या डोक्यात आलं, आता हा माणूस विचारणार कसा?

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे! वाचा गेली म्हणजे माणसाला पाणी मागता येत नाही, कुठं दुखतं ते सांगता येत नाही, अन् हिला विचारण्याची पडली. पण तुम्ही बावणे बाबूंना पाहिलेलं नाही. पाणी ते स्वतः उठून घ्यायचे, दुखलं तर सांगायचे नाहीत. जीभ त्यांनी वापरली ती एकाच कामाला, समोरच्याला प्रश्न विचारायला. ते काम गेलं तर त्या घरात खाटेवर जो उरेल तो दुसराच कोणी म्हातारा असेल, अशी मला धास्ती बसली. आणि ती धास्ती सिंधूवहिनींनाही होती, फक्त त्यांनी ती फार नंतर बोलून दाखवली.

घाटंजीच्या बस स्टँडसमोर माझं शिवणकामाचं दुकान आहे. पिको, फॉल, ब्लाउज, आणि लग्नसराईत रडारड. दुकानातून मान वर केली की समोर 'चौकशी' लिहिलेली खिडकी दिसायची आणि खिडकीत बावणे बाबू. डोक्यावर केस कमी, कानावर पेन्सिल, उन्हाळ्यात मानेवर ओला रुमाल. खिडकीच्या काचेला बोलायला जे भोक होतं ते कोणीतरी फारच खाली पाडून ठेवलं होतं. त्यामुळे बाबूंना मान वाकडी करून उजवा कान त्या भोकाशी न्यावा लागे. इतकी वर्षं तसं ऐकून त्यांची सवयच होऊन बसली. पुढे काच नसली, समोर बायको असली, तरी कोणी बोलायला लागलं की त्यांची मान उजवीकडे वाकायची आणि कान खाली यायचा. बाजारात भाजीवालीशी बोलतानासुद्धा. नवीन माणसाला वाटायचं यांची मान आखडली आहे.

त्या भोकातून त्यांनी अर्धं आयुष्य एकच प्रश्न ऐकला. यवतमाळची कधी हाय? पारव्याची कधी हाय? आर्णीची गेली का, अन् गेली तर दुसरी कधी हाय? चौकशीच्या खिडकीला दुसरं कोण काय विचारणार? पण बाबूंना त्याचं वाईट वाटायचं. मग त्यांनी उलटी चौकशी सुरू केली. एखादी बाई विचारायची, "पांढरकवड्याची कधी हाय जी?"

"येतेच हाय. कायले चालल्या?"

"लग्नाले."

"नवरदेव घोड्यावरच काहून बसते वं? आपल्या इकडे एवढे बैल, बैलावर काहून नाही बसत?"

ती बाई पिशवी सावरत उभी. तिच्या मागं रांग. कोणी म्हणायचं, "अजी बाबू, टाइम सांगा ना, दिमाग कायले खाऊन राह्यले!" आणि बाबू टाइम सांगायचे, अगदी बरोबर सांगायचे, पण डोळे त्या बाईवर. ती जाता जाता काही बोलते का, याकडे.

माझी एक गाडी त्यांच्यामुळे चुकली ती मी विसरणार नाही. मशीनचा एक भाग आणायला यवतमाळला निघाले होते. घाईत. खिडकीशी गेले तर बाबू म्हणाले, "शोभाबाई, एक सांगा. हातानं शिवताना सुई आरपार काढा लागते. मशीनची सुई तर वरूनच खाली जाते अन् वरच येते. मंग खाली टाका बसते कसा? अन् सुईचं भोक टोकाला काहून असते, आपल्या हातसुईसारखं वर काहून नाही?"

मी म्हटलं, "खाली बॉबिन असते ना बाबू."

"हाव. पन बॉबिन तर डबीत बसून हाय. तिचा दोरा वरच्या दोऱ्याले सापडते कसा?"

एवढी वर्षं त्या मशीनवर पोट भरते, आणि मला सांगता येईना! मी रागानं म्हटलं, "अडकते तो, बस!" बाबू म्हणाले, "अडकते हे मलेबी माहीत हाय," आणि मान वाकडी करून वाट पाहत राहिले. तेवढ्यात माझी गाडी माझ्या पाठीमागून निघून गेली. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. घरी परत आले, जेवण केलं नाही, मशीनची खालची पट्टी काढली आणि चाक हातानं हळूहळू फिरवत बसले. दुपार गेली त्यात. जे दिसलं ते पाहून मला हसू आलं, पण बाबूंना जाऊन सांगायचं नाही असं मी ठरवलं. जिरू दे म्हटलं जरा.

मग ते निवृत्त झाले. हार, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या माणसाला आयुष्यभर वेळ विचारली त्याला घड्याळ! सिंधूवहिनी सांगतात, पुढचे दोन महिने आपण कसे काढले ते आपल्यालाच ठाऊक. "घरी बसले अन् मले विचारत सुटले. वरणाले फोडणी वरून काहून देतं? कुकरची शिट्टी थांबून थांबून काहून होते? रडताना नाक काहून गळते? मी म्हटलं, अजी, मले सोडा, बाहेर जा, जगाले विचारा!" म्हणजे पुढे जे सगळं झालं त्याच्या खऱ्या संस्थापक या आमच्या सिंधूवहिनी, पण त्यांचं नाव कोणी घेत नाही.

बाबू बाहेर पडले. देवळामागचं सभागृह दुपारी रिकामं असतं, ते देवस्थानवाल्यांकडून मागून घेतलं. गावातल्या साठीच्या पुढच्या लोकांना घरोघरी जाऊन सांगितलं, नंतर मोबाइलवर ग्रुप केला. दर गुरुवारी दुपारी एक व्याख्यान. ज्याला जे येतं ते त्यानं येऊन सांगायचं, फुकट. ऐकणाऱ्यानंही फुकट ऐकायचं. सतरंजी कोणी घालायची, झाडू कोणी मारायचा, हे आपसांत. चहा माझ्याकडे आला. मी म्हटलं होतं, मी अजून साठीची झाले नाही. बाबू म्हणाले, "होसान ना."

पहिलं व्याख्यान विज्ञानाच्या एका निवृत्त मास्तरांचं. विषय चंद्र. मास्तर चांगलं बोलले. चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते ते त्यांनी स्वतःच्या भोवती एका माणसाला फिरवून दाखवलं, तो माणूस गरगरून खाली बसला, सगळे हसले. मग मास्तरांनी विचारलं, "कोणाला काही शंका?" सगळ्यांचं लक्ष माझ्या किटलीकडे. मी उठले, तेवढ्यात बाबू आडवे आले आणि त्यांनी किटलीच्या झाकणावर हात ठेवला.

"थांबा शोभाबाई. प्रश्नाशिवाय चहा नाही."

आधी सगळ्यांना वाटलं थट्टा आहे. पण ते हात काढीनात. पुढच्या रांगेत पांडुरंगजी ढगे बसले होते. मोठं शरीर, मोठा आवाज, कपाशी आणि तुरीचं मोठं शेत, आणि धीर मात्र कणभर नाही. ते भडकले. "हे काय लावलं बाप्पा! मी चहासाठी आलतो, चंद्रासाठी थोडीच आलतो!"

"मंग चहाबद्दल विचारा."

"चहा कधी मिळन?"

"कधी नाही चालणार," बाबू म्हणाले. "जिंदगीभर मी 'कधी' ऐकलं. आता कानात जागा नाही. 'कुठून' विचारा, 'कसं' विचारा. 'काहून' असन तर सगळ्यात चांगलं."

पांडुरंगजी लाल झाले. उठून जातात की काय असं वाटलं. पण किटली उकळून ठेवलेली, आल्याचा वास सुटलेला. ते बसल्या बसल्या किटलीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "बरं मंग हे सांगा. दुधाच्या चहावर साय धरते, काळ्या चहावर नाही धरत. काहून?"

मास्तरांनी सांगितलं की साय ही दुधातली गोष्ट आहे, चहातली नाही, आणि दूध तापलं की त्यातलं काय काय वर येऊन जमतं ते समजावलं. पांडुरंगजींनी ऐकलं. मग विचारलं, "मंग हलवत राह्यलं तर काहून नाही धरत?" बाबूंनी झाकणावरचा हात काढला. पहिला कप पांडुरंगजींना मिळाला, आणि तो माणूस पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसला. घरून प्रश्न ठरवून आला होता! बकरीच्या डोळ्यातली बाहुली आडवी काहून असते, हा.

एकदा दार उघडलं की माणसांच्या पोटातून काय काय निघतं! हवालदारानं येऊन मोबाइलवरच्या फसवणुकीची माहिती दिली, तर एका आजीबाईनं विचारलं, चोराला खोटं बोलताना हसू काहून येत नाही. सोनारानं सोन्याची पारख सांगितली, तर कोणी विचारलं, सोनं गंजत नाही मग चांदी काहून काळी पडते. प्रश्न कितीही येडपट असो, बाबू कोणाला हसू द्यायचे नाहीत. मान वाकडी करून, कान खाली करून उत्तर ऐकायचे. आणि वक्ता जर म्हणाला की बुवा हे मला माहीत नाही, तर बाबूंना सगळ्यात जास्त आनंद व्हायचा. टाळी वाजवून म्हणायचे, "वा! आता हे घरी न्या." म्हणजे उत्तर मिळालं तर ते इथंच राहिलं, नाही मिळालं तर घरी न्यायला काहीतरी झालं. दर दोन-तीन गुरुवारांनी मलाही म्हणायचे, "शोभाबाई, एका गुरुवारी तुम्ही. तो खालचा दोरा." मी म्हणायची, "मी चहाची बाई. मले नका सांगू."

या सगळ्यात एकच माणूस असा होता की जो काही विचारत नव्हता आणि चहाही घेत नव्हता. गंगूबाई राठोड. तांड्यावरची बंजारा बाई, नवरा गेल्यावर गावात मुलाकडे राहायला आलेली. दाराजवळच्या खांबाला टेकून बसायची. तिच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, बारीक आरसे बसवलेले, त्या आरशांभोवतीचे टाके मी चहा गाळता गाळता चोरून बघायची. असं हातकाम मला सात जन्मात जमलं नसतं. ती दर गुरुवारी यायची, शेवटपर्यंत ऐकायची, आणि प्रश्न सुरू झाले की उठून चपला घालायची.

लोक बाबूंना बोलायला लागले. पांडुरंगजी तर चिडलेच. "नियम काय देवानं केला काय? म्हातारी बाई हाय. द्या ना कपभर."

बाबू म्हणाले, "तिच्याजवळ प्रश्न हाय. मले दिसते. आज चहा देला तर तो तिच्याजवळच राह्यन."

मला राग आला होता त्यांचा. माणसापेक्षा नियम मोठा का, असं मी तोंडावर म्हटलं. पण चहाच्या जागेवरून जे दिसतं ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही. गंगूबाई चहा न घेता जायला लागल्यापासून बाबूंचा कपही तसाच भरलेला परत येत होता. स्वतः दर गुरुवारी प्रश्न विचारायचे, कप हातात घ्यायचे, बोलता बोलता खिडकीत ठेवून द्यायचे. कोणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग एका गुरुवारी डॉक्टर ढोबळे आले. विषय झोप. म्हातारपणी झोप कमी का होते, दुपारी किती झोपावं, स्वप्नं का पडतात. लोकांनी प्रश्नांचा भडिमार केला, कारण झोपेचं दुखणं सगळ्यांनाच. ते संपता संपता दाराजवळून आवाज आला. गंगूबाई उभी होती, एका पायात चप्पल घातलेली.

"डॉक्टर, माहा बुढा सपनात येते. समोर बसते, बोलते. तोंड हालते त्याचं. पन आवाज नाही येत. मी म्हणतो, मोठ्यानं बोल, तरी नाही येत. काहून?"

ती गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलणारी, आमच्या बोलीत बोलताना 'मी म्हणतो' म्हणायची, त्यावर कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला. ते म्हणाले, "आजी, मला नाही माहीत."

मला वाटलं आता बाबू टाळी वाजवतील. त्यांनी नाही वाजवली. ते माझ्याजवळ आले, स्वतः कप भरला, बशीत ठेवला आणि सगळ्यांच्या मधून चालत दारापर्यंत नेऊन दिला. गंगूबाईनं विचारलं, "भिया, तुले माहीत हाय काय?" भिया म्हणजे भाऊ. बाबू म्हणाले, "नाही माय. पन मी बी घरी नेतो आता हे." त्या दिवशी त्यांचा कप रिकामा परत आला. मी किटली विसळायला बाहेर गेले आणि नळाशी उभी राहून रडले.

बाबूंच्या या नियमापायीच आमचं सभागृह गेलं, तेही सांगते. देवस्थानवाल्यांना एकदा वाटलं, एवढं चांगलं काम चालतं, कोणी मोठा पाहुणा आणू. आणला. मागे-पुढे गाड्या, हार, माइक. पाहुण्यांनी ज्येष्ठ नागरिक हे समाजाचा आधार वगैरे भाषण केलं. मी चांगल्या कपांचा ट्रे घेऊन निघाले, तर बाबू मधे.

"साहेब, एक प्रश्न विचारा."

"मी?"

"हाव. इथं बसले त्याइले. कोणाले बी, काही बी."

पाहुणे हसले. माइकमध्येच म्हणाले, "मी लोकांचे प्रश्न सोडवायला आलोय बाबू, विचारायला नाही." टाळ्या पडल्या.

बाबू म्हणाले, "मंग चहा नाही जी."

आता हा माणूस हे थट्टेनं बोलत नव्हता हो! त्याला खरंच वाटत होतं की साहेब आता विचार करतील आणि काहीतरी विचारतील. देवस्थानच्या अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहुणे घड्याळ बघून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहाची चावी परत मागितली गेली.

मी म्हटलं, "बाबू, चूक झाली."

"हाव, झाली. पन मले हे सांगा शोभाबाई, एवढा मोठा माणूस. त्याच्याजवळ एक बी प्रश्न नसन, असं होऊ शकते काय?" मान वाकडी. खरंच उत्तराची वाट पाहत होते. चावी गेल्याचं दुःख त्यांना संध्याकाळी झालं.

मग आम्ही स्टँडवर आलो. शेवटच्या फलाटाला आता गाडी लागत नाही, तिथं सावली असते आणि सिमेंटचे बाक. डेपोतली मंडळी बाबूंची जुनी, त्यांनी कानाडोळा केला. मधेच भोंग्यातून आर्णीची गाडी ओरडायची आणि वक्त्याला थांबावं लागायचं, पण रस्त्यानं जाणारेही थबकायला लागले. पिशवी खाली ठेवून ऐकायचे, एखादा प्रश्न टाकायचे, चहा घ्यायचे आणि गाडी पकडायचे. बाबूंच्या जुन्या खिडकीत तेव्हा कोणी बसत नव्हतं. काच होती, भोकही होतं.

दिवाळी झाली आणि त्यांना लकवा मारला.

मी भेटायला गेले. खाटेवर बसवून ठेवलेले, पाठीला लोड. ओळखलं. डोळ्यांत ओळख होती. पण घरात जो येई तो त्यांच्या डोक्यावरून सिंधूवहिनींशी बोले. जेवले का हे? रात्री झोपले का हे? त्यांना सरळ कोणी काही विचारत नव्हतं, कारण उत्तर येणार नाही. पुण्याहून मुलगा आला होता, चांगला मुलगा, बापाचं तोंड पुसताना म्हणायचा, "शाब्बास बाबा, शाब्बास." बाबूंनी तेव्हा डोळे मिटून घेतले ते मी पाहिलं. आणि मी तरी काय केलं? मीही इकडचं तिकडचं बोलले, स्टँडवरच्या बातम्या सांगितल्या. त्यांची मान सरळ होती. एकदाही वाकली नाही. निघताना सिंधूवहिनी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तो माणूस आत हाय का गेला, मले समजून नाही राह्यलं शोभा. जेवते, झोपते. पन माहा बुढा हाय का हा?"



गुरुवार चालू होते म्हणायचे, पण चालू नव्हते. बाबू नाहीत म्हटल्यावर प्रश्नाचा नियम पाळायचा कोणी? पांडुरंगजींनी प्रयत्न केला, पण ते किटलीवर हात ठेवून उभे राहिले की भांडण झाल्यासारखं वाटायचं. मग लोक ऐकायचे, चहा प्यायचे, जायचे. नंतर नुसतं चहा प्यायलाही कमी येऊ लागले. संक्रांत झाल्यावर एका गुरुवारी वक्त्याचा निरोप आला, जमत नाही. सिंधूवहिनींचाही निरोप आला, मी यांना रिक्षात घालून आणते, जरा हवा लागेल. एवढ्या दिवसांनी बाबू येणार आणि वक्ताच नाही!

पांडुरंगजी दुकानात आले. "तू बोल वं शोभा."

"मी? काय बोलू?"

"मले काय माहीत? मशीन आन अन् बोल. चहा मी पाहतो."

माझ्याकडे जुनं हातमशीन आहे, ज्यावर मी शिकले. पांडुरंगजींनी ते उचलून बाकावर नेऊन ठेवलं. बाबूंना सिंधूवहिनींनी समोर बसवलं होतं, उजवा हात मांडीवर ठेवलेला, पायावर शाल. गंगूबाई इथंही खांबाशी. आणखी नेहमीची माणसं, बाबू येणार म्हणून आलेली. आयुष्यात कधी चार माणसांसमोर उभी राहिले नव्हते. सगळ्यांकडे बघायची हिंमत होईना, म्हणून एकट्या बाबूंकडे बघून बोलले.

म्हटलं, बाबू, तुम्ही माझी गाडी चुकवली होती आठवते का? तुम्ही विचारलं होतं, खालचा दोरा वरच्याला सापडतो कसा. मी खालची पट्टी काढली. सगळ्यांना दिसावा म्हणून लाल दोरा ओवला होता. चाक हातानं फिरवलं. म्हटलं, बघा, सुई खाली गेली. आता नीट बघा, ती वर निघते, पण एकदम नाही. जराशी वर आली की दोरा सैल पडतो आणि सुईच्या मागे त्याचा एवढासा फासा होतो. तेवढ्याच वेळात खालून हे टोक येतं आणि फासा पकडतं. आणि फासा पूर्ण डबीवरून ओढून पलीकडे नेतं. खालचा दोरा जागेवरून हलतच नाही. वरचाच त्याला प्रदक्षिणा घालून येतो. भोक टोकाला असतं म्हणून तर दोरा सुईसोबत खाली जातो. मी तीनदा करून दाखवलं. म्हाताऱ्या माणसांनी मशीनभोवती डोकी घातली होती. मला मजा यायला लागली होती, खरं सांगते.

संपलं. पांडुरंगजींनी किटली उचलली, नियम-बियम विसरून पहिला कप भरला आणि थेट बाबूंसमोर धरला. "घ्या बाबू. आज पहिला तुमाले."

बाबूंनी डावा हात वर केला. मला वाटलं कप घेतात. त्यांनी कप बाजूला सारला. चहा शालीवर सांडला.

"घ्या ना जी," सिंधूवहिनी शाल पुसत म्हणाल्या. "तुमाले आवडते ना चहा." पांडुरंगजींनी परत कप पुढे केला. बाबूंनी परत सारला. चेहरा लाल, ओठ हलत होते, आवाज नाही. सिंधूवहिनींना वाटलं त्रास होतोय, त्या म्हणाल्या, "चला, घरी नेते मी यांले, रिक्षावाल्याले हाक मारा."

तेव्हा गंगूबाई खांबापासून उठली. माणसांना बाजूला सारत पुढे आली आणि तिनं पांडुरंगजींच्या हातातला कप काढून घेतला.

"ठेवा तो कप. कोणी बोलू नोका," ती म्हणाली. "भिया विचारून राह्यला."

आम्ही थांबलो. यवतमाळची गाडी आत आली, भोंगा बोलला, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. आम्ही थांबलो होतो. बाबूंचे ओठ जुळायचे, सुटायचे, परत जुळायचे. गळ्याची शीर ताठ झाली होती. डावा हात माझ्या मशीनकडे, त्या लाल दोऱ्याकडे. सिंधूवहिनींनी तोंडावर पदर धरला होता.

"का," बाबू म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, "हून."

कोणी टाळी वाजवली नाही. पांडुरंगजी, एवढा मोठा माणूस, किटली खाली ठेवून ढसाढसा रडायला लागला. सिंधूवहिनी बाबूंच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "हाय जी, तुमी हायत," आणि तेच परत परत म्हणत राहिल्या. पण बाबूंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते माझ्याकडे पाहत होते. आम्ही सगळे रडत होतो आणि त्या माणसाला उत्तर पाहिजे होतं!

कशाचं काहून, ते मला समजलं नाही. दोरा सैल का पडतो? ते टोक बरोबर त्याच वेळी का येतं? की मी इतकी वर्षं हे सांगितलं का नाही? विचारायची सोय नव्हती. मी डोळे पुसले, सुई वर घेतली, दोरा परत ओवला.

"बघा बाबू," मी म्हटलं, "पहिल्यापासून सांगते."

त्यांची मान हळूहळू उजवीकडे वाकली आणि कान खाली आला.